तरुणांनो, प्रचार करा. पण एकही दार चुकवू नका

(विहाराच्या वर्धापनदिनी संत तुकारामनगर, पिंपरी येथे तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतिराव फुले आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार अभिवादन करून आम्ही चार शब्द बोलणार आहोत. आम्ही काही विद्वान नाही. दहावीला शाळा सुटली आणि धाग्याच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते रिंग फ्रेमच्या आवाजात, रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत आणि या विहाराच्या पुस्तकांच्या कपाटापुढे झाले. तेव्हा बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

समितीने विषय दिला आहे तो असा, की नव्यानेच मतदार झालेल्या तरुणांनी निवडणुकीच्या प्रचारात उतरावे का? या प्रश्नावर आपल्या वसाहतीत घरोघर दोन मते आहेत. आई म्हणते, "राजकारण घाणेरडं, त्यात पडू नको, अभ्यास कर." पोरगा म्हणतो, "सगळे मित्र चाललेत, गाडीत पेट्रोल आहे, रात्रीचं जेवण आहे, माझं काय जातंय?" आमचे मत दोघांपेक्षाही वेगळे आहे. आम्ही म्हणतो, प्रचारात जरूर उतरावे. कोणत्या पक्षाच्या, ते या व्यासपीठावरून सांगणार नाही. विहार सर्वांचे आहे. पण उतरावे ते स्वयंसेवक म्हणून, हजेरीवर नव्हे. आणि तिथे नेमके काम काय करायचे, हे आम्ही स्वतः एक मोठी चूक करून शिकलो. ती चूकच आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

त्याआधी, हे मत आपल्या हाती आले कसे ते थोडक्यात पाहू. इंग्रजांच्या राज्यात ज्याच्याजवळ जमीन, सारा, कर किंवा शिक्षण, त्यालाच मत. आपल्या पणजोबांजवळ यातले काय होते, सांगा बरं? १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते. अस्पृश्यांना मताधिकार आणि स्वतःचे प्रतिनिधी मिळाले पाहिजेत, हे त्यांनी तिथे मांडले. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई इलाख्यात निवडणूक लढवली आणि बाबासाहेब निवडून आले, तेव्हाही आपल्या बहुतेक माणसांची नावे यादीत नव्हतीच. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले आणि कलम ३२६ प्रमाणे २१ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्री-पुरुषांना मत मिळाले. जमीन किती ते विचारले नाही, जात विचारली नाही, सही करता येते का हेसुद्धा विचारले नाही. पुढे ६१ वी घटनादुरुस्ती झाली आणि २८ मार्च १९८९ पासून हे वय १८ वर आले. १९८४ साली देशात ४० कोटींच्या आसपास मतदार होते, ते १९८९ साली ५० कोटींच्या घरात गेले. त्या नव्या भरतीत आम्हीही होतो.

त्या वेळी आमचे वय एकोणीस. तेव्हाचे संत तुकारामनगर आजच्यासारखे नव्हते. आज मेट्रोच्या स्टेशनाला आपल्या वसाहतीचे नाव आहे. ६ मार्च २०२२ पासून गाडी धावते. तेव्हा कामावर जायचे ते सायकलीने. भल्या पहाटे पहिल्या पाळीच्या सायकली मुंबई-पुणे रस्त्याला लागायच्या, कोणी एच.ए.ला, कोणी टेल्कोला, कोणी बजाजला, तर कोणी भोसरीच्या एमआयडीसीत. पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका १९८२ साली झाली, म्हणजे तिला सातच वर्षे झालेली. विधानसभेला आपला भाग त्या अफाट हवेली मतदारसंघात होता. पिंपरी, चिंचवड आणि भोसरी असे तीन वेगळे मतदारसंघ झाले ते २००९ च्या निवडणुकीपासून.

आम्ही दहा-बारा मुले होतो. कोणी बदली कामगार, कोणी आयटीआयला, कोणी सकाळी पेपर टाकणारा. १८ वर्षांच्या मुलांची नावे यादीत चढायला लागली तेव्हा आम्ही कचेरीतून कोरे अर्ज आणले आणि यादी घेऊन फिरलो. आपापल्या मित्रांची नावे घातली, मित्रांच्या घरच्यांचीही घातली. नोव्हेंबर १९८९ मध्ये लोकसभेची निवडणूक लागली तेव्हा तीच टोळी एका उमेदवाराच्या प्रचारात उतरली. उमेदवाराचे नाव सांगत नाही. ते पडले, आणि आज तो मुद्दाही नाही. रात्री मैद्याची खळ शिजवायची, पोस्टर चिकटवायची, गेरूने भिंती रंगवायच्या. शेषनसाहेब निवडणूक आयोगावर आले ते डिसेंबर १९९० मध्ये. त्यांच्या आधी, भिंत कोणाची आहे हे विचारायची पद्धतच नव्हती. दिवसा रिक्षाला कर्णा लावून ओरडायचे. घसा बसला की चहा. आम्हाला वाटायचे, प्रचार म्हणजे हाच.

शेवटच्या आठवड्यात चिठ्ठ्या लिहायचे काम आले. भाग क्रमांक, अनुक्रमांक, नाव, मतदान कोणत्या शाळेत, हे सगळे हाताने लिहून घरोघर पोचवायचे. आमची एक वही होती. तीत रांगेनुसार खोल्या लिहिलेल्या. आपल्या माणसापुढे बरोबरची खूण, तळ्यात-मळ्यात असेल त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह, आणि विरोधातला असेल तर फुली. नावे घालतानाही फुलीच्या घरी गेलो नव्हतो आणि चिठ्ठी द्यायलाही गेलो नाही. "उगाच त्यांची माणसं कशाला जागी करायची?" असा आमचा हिशेब. तेव्हा ती मोठी हुशारी वाटत होती.

आमच्याच रांगेत शेवटून तिसरी खोली होती. तिथला मुलगा दुसऱ्या पक्षाचे काम करी. नळावरून एकदा आमची त्याची बोलाचालीही झालेली. त्या खोलीवर आम्ही फुली मारली आणि पुढे गेलो. त्या खोलीत त्याची म्हातारी आई राहत होती. सारी रांग तिला आजी म्हणे.

मतदानाच्या दिवशी आम्ही शाळेच्या बाहेर, लांब अंतरावर टेबल टाकून बसलो होतो. आजी सकाळीच आली. धुतलेले पांढरे लुगडे, डोक्यावरून पदर. रांगेत तासभर उभी राहिली असेल. मग बाहेर आली ती बोटाला शाई न लागताच. यादीत तिचे नाव नव्हते. वर्षभरापूर्वी ते कुटुंब वसाहतीतल्याच एका खोलीतून या खोलीत आले होते. मुलाचे आणि सुनेचे नाव नव्या घर क्रमांकावर चढले, म्हातारीचे राहून गेले. पावसाळ्यात आम्ही यादी घेऊन तिच्या दारात गेलो असतो तर दोन मिनिटांत कळले असते. एक अर्ज भरायचा, एवढेच काम होते.

तिच्या मुलाच्या पक्षाचे टेबल पलीकडे होते. पण ती आमच्याकडे आली. म्हणाली, "नायगावच्या चाळीत व्हते मी. बाबासाहेब उभे व्हते. ह्या हातानं हत्तीच्या पेटीत कागद टाकला. तवापासून एकबी मतदान चुकवलं नाय."

तरुणांना माहीत नसेल म्हणून सांगतो. १९५२ च्या त्या पहिल्या निवडणुकीत शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह, आणि आपला कागद आपल्या पेटीत टाकायचा. शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते.

मग आजी आमच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "लेकरांनो, तुम्ही घरोघर हिंडलात म्हणं. मग आमच्या दाराला काय झालं व्हतं?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. तिने आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पदर सावरला आणि घरी निघून गेली. आमच्या बापजाद्यांच्या वस्तीवरून गाव असेच बाजूने जात होते. दार दिसत असूनही न दिसल्यासारखे. तेच आम्ही केले. आणि केले ते कोणाला? बाबासाहेबांसाठी रांगेत उभी राहिलेल्या बाईला! आणि वर आम्ही स्वतःला चळवळीचे कार्यकर्ते म्हणवत होतो.

त्या रात्री आम्ही वही काढली आणि सगळ्या फुल्या खोडल्या. विधानसभेची निवडणूक फेब्रुवारी १९९० मध्ये होती, हाती दिवस थोडे होते. आजीचा अर्ज भरला, कचेरीत नेऊन दिला, नाव चढेपर्यंत पाळी सांभाळून हेलपाटे घातले. फेब्रुवारीत आजीने मत दिले. एका बाजूने तिचा हात तिच्या मुलाने धरला होता, दुसऱ्या बाजूने आमच्यातल्या एकाने. मत कोणाला दिले ते आम्ही विचारले नाही, तिनेही सांगितले नाही.

इथे आणखी एक गोष्ट सांगायची आहे. लोकसभेला आमचा उमेदवार पडला म्हणून आम्ही आठवडाभर तोंड पाडून हिंडत होतो. पण दिल्लीत सरकार बदलले होते. १९९० साली अनुसूचित जातींच्या यादीबाबतच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या. महाराष्ट्रात राज्याच्या सवलती आधीपासून होत्या. पण केंद्राच्या नोकरीत 'बौद्ध' लिहिले की गाडी अडायची. त्याच वर्षी बाबासाहेबांना भारतरत्न जाहीर झाले. तेव्हा कळले की मताचा हिशेब एका उमेदवाराच्या हार-जितीवर संपत नाही.

पुढे विहारात विनयपिटकातली एक गोष्ट ऐकली आणि आमच्या चुकीला नाव मिळाले. भिक्खूसंघात वाद मिटला नाही तर मत घेत असत. मतासाठी लाकडाच्या काड्या असत, त्यांना शलाका म्हणत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनीही सांगितले आहे की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळे नियम भिक्खूसंघाला ठाऊक होते. तर या शलाका वाटणारा भिक्खू कसा असावा, याची पाच लक्षणे चुल्लवग्गात दिली आहेत. तो छंदाने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वाकड्या वाटेला जाणारा नसावा, ही चार. आणि पाचवे लक्षण, कोणी शलाका घेतली आणि कोणी घेतली नाही, हे त्याला माहीत असावे. भन्तेजी समोर बसले आहेत, आमचे चुकले तर त्यांनी दुरुस्त करावे. पण आम्हाला तर वाटते, प्रचारात फिरणाऱ्या पोरांनी ही पाच लक्षणे पाठच करावीत. एकेक घेऊ.

द्वेषाचे उदाहरण सांगून झाले. नळावरच्या भांडणाची फुली मतदारयादीपर्यंत गेली. आज वही नाही, मोबाईल आहे. पण फुली आहेच. समोरच्याच्या घरातल्या बाईबद्दल काहीबाही लिहून पुढे पाठवायचे, खरे-खोटे पाहायचे नाही, याला तुम्ही प्रचार म्हणता. निवडणूक पंधरा दिवसांत संपते आणि शेजार आयुष्यभराचा असतो, एवढे ध्यानात ठेवा.

छंद म्हणजे आवड, पक्षपात. आपला नेता म्हणेल ती पूर्व दिशा. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपला फोटो अंगठ्याएवढा का होईना, लागला की धन्य झालो! त्याच २५ नोव्हेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की धर्मात भक्तीने कोणाला मोक्ष मिळत असेल, पण राजकारणात भक्ती माणसाला खाली नेते आणि शेवटी हुकूमशाही आणते. म्हणून आम्ही तरुणांना सांगतो, कोणाचाही झेंडा खांद्यावर घेण्याआधी त्या उमेदवाराला तीन प्रश्न विचारा. पाण्याचे काय करणार? कंत्राटी कामगारांचे काय करणार? आमच्या मुलांच्या शिक्षणाचे काय करणार? उत्तर चुकले तरी चालेल, पण विचारल्याचा राग येत असेल तर त्या माणसाचा झेंडा खाली ठेवा.

तिसरा मोह. पालीत मोह म्हणजे अज्ञान, आपल्या बोलीत मोह म्हणजे लोभ. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात. १९९२ साली महापालिकेची निवडणूक होती. एका उमेदवाराच्या कचेरीत चिठ्ठ्या वाटणाऱ्यांना पाकिटे देत होते. आमच्यातल्या तिघांनी घेतली. त्या तिघांत आम्ही स्वतः होतो, विहारात उभे राहून खोटे बोलणार नाही. बदलीला पाळ्या मिळत नव्हत्या, घरात अडचण होती. पण ती सबब झाली. ते निवडून आले. पावसाळ्यात आमच्या रांगेमागचे गटार तुंबले, घाण पाणी खोल्यांत शिरले. आम्ही त्यांच्याकडे गेलो. ते हसून म्हणाले, "तुमचा हिशेब तर तेव्हाच झाला की राव!" आम्ही तसेच परत आलो. बोलायला तोंडच नव्हते. पाकिटातले पैसे चार दिवसांत संपले आणि गटार दोन पावसाळे तसेच राहिले. तेव्हापासून प्रचारात घरची भाकरी बांधून न्यायची आणि चहासुद्धा आपल्या पैशाने प्यायचा, असा आमचा नेम आहे. जो घरची भाकरी खाऊन प्रचार करतो, त्याला निकालानंतर दारात उभे राहून जाब विचारता येतो. तेवढ्यासाठीच स्वयंसेवक व्हायचे.

आणि जाब विचारायला तिथे कोणी तरी निवडून आलेला असावा लागतो, हेही आपण अनुभवले आहे. मार्च २०२२ मध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली आणि वेळेवर निवडणूक झाली नाही. प्रशासकाचा कारभार वर्षानुवर्षे चालला. नगरसेवक नसला की म्हातारी माणसे कोणाच्या दारात जातील? राजकारण घाण म्हणणाऱ्या आयांनी याचाही विचार करावा.

चौथे भय. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात आज किती काम कंत्राटी पोरांच्या हातून चालते, हे आपल्या घराघरांत माहीत आहे. आज पाळी आहे, उद्या नाही. एका मतदानाच्या दिवशी आमच्या ओळखीच्या मुलांना त्यांच्या कंत्राटदाराने सांगितले, मत द्यायला गेलात तर परत येऊ नका. कायदा काय सांगतो? लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली कलम १३५-ब आले. लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी, मतदार असलेल्या प्रत्येक कामगाराला पगारी सुट्टी द्यायची. कारखाना असो, दुकान असो, रोजंदारीवाला असो. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठे नुकसान होईल अशाच कामाला त्यातून सूट आहे. मोडणाऱ्याला दंड ५०० रुपयांपर्यंतच, म्हणून कोणी फारसे भीत नाही. पण कायदा तो कायदा. आम्ही पाच-सहा जुने कामगार त्या कलमाची झेरॉक्स घेऊन गेटवर गेलो. भांडलो नाही, घोषणा दिल्या नाहीत. कागद वाचून दाखवला. दुपारी पोरे सुटली. हेसुद्धा प्रचाराचेच काम आहे, आणि ती पोरे कोणाला मत देणार हे आम्हाला माहीत नव्हते. कोणी म्हणत असेल की मशीनमध्ये आम्हाला कळते तुम्ही कोणते बटण दाबले, तर घाबरू नका. मत गुप्त आहे.

आता पाचवे लक्षण. कोणी शलाका घेतली, कोणी घेतली नाही, हे माहीत असणे. म्हणजे मतदारयादी. आमच्या मते स्वयंसेवकाचे निम्मे काम इथेच आहे आणि ते निवडणूक लागण्याच्या आधी करायचे असते. पूर्वी वयासाठी १ जानेवारी ही एकच तारीख धरत. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, आणि १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. नाव घालायला नमुना ६, मयताचे किंवा चुकीचे नाव काढायला नमुना ७, दुरुस्ती आणि पत्ताबदलाला नमुना ८. मतदार ओळखपत्र खिशात आहे म्हणजे यादीत नाव आहे, असे समजू नका. यादी डोळ्याने पाहा. महापालिकेची प्रभागाची यादीही विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, तेव्हा एकदा नाव गळले की सगळीकडेच गळले. लातूर, नांदेड, बीडकडून आलेली मुले मोशी-चिखलीला खोली करून राहतात आणि त्यांचे नाव गावाकडे असते. मतदानाला जायला सुट्टी नाही, भाड्याला पैसे नाहीत. मत वाया जाते. जिथे कायम राहता तिथे नाव आणा, मात्र गावाकडचे काढून. दोन्हीकडे नाव ठेवणे कायद्यात बसत नाही. लोकसभा-विधानसभेला ८५ वर्षांवरील म्हाताऱ्यांना आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असणाऱ्यांना घरून मत देण्याची सोय आहे; त्यासाठी नमुना १२-ड वेळेत भरावा लागतो. आमच्या आजीच्या वेळी ही सोय नव्हती. आज आहे, तर एकाही आजीचे मत चुकता कामा नये.

प्रत्यक्ष प्रचारात उतराल तेव्हा दोन-चार नियम पाळा. रात्री दहानंतर कर्णा नाही. पत्रकावर छापणाऱ्याचे आणि प्रकाशकाचे नाव असलेच पाहिजे. नसेल ते पत्रक हातात धरू नका. मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद. मतदान केंद्राच्या १०० मीटरच्या आत मत मागायचे नाही. दारात गेल्यावर आधी त्या घरच्यांचे ऐकायचे, मग आपले सांगायचे. समोरचा "आम्ही तुम्हाला देणार नाही" म्हणाला तर हात जोडायचे, यादीतले त्याचे नाव तपासून द्यायचे आणि मगच पुढे जायचे.

तरुण विचारतील, एवढे करून आपला माणूस पडला तर? मग बाबासाहेबांकडे पाहा. १९५२ साली मुंबईत काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले आणि बाबासाहेब साडेचौदा हजार मतांनी पडले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला ते उभे राहिले. तिथे प्रत्येक मतदाराला दोन मते होती, एक राखीव जागेसाठी आणि एक सर्वसाधारण जागेसाठी. कार्यकर्त्यांची सूचना अशी होती की आपल्या लोकांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये, ते वाया घालवावे. म्हणजे बाबासाहेबांचा विजय सोपा होईल. बाबासाहेबांनी ते मानले नाही. ज्याने लोकांना मत मिळवून दिले, तो ते मत वाया घालवा असे कसे सांगेल? ते पडले. पण त्याच वर्षी, २५ डिसेंबर १९५४ रोजी, आपल्या शेजारी देहूरोडला त्यांनी विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. पराभवाने माणूस बसून राहिला नाही. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर काही महिन्यांतच १९५७ ची निवडणूक आली. तेव्हा फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड नाशिकमधून आणि बाळासाहेब साळुंके आपल्या शेजारच्या खेडमधून लोकसभेवर निवडून गेले. पडलेल्या निवडणुकीत अनवाणी फिरलेली माणसेच पुढची निवडणूक उभी करतात, हे विसरू नका.

आमची समितीला एक विनंती आहे. विहारात कोणत्याही पक्षाचा झेंडा नको. पण दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास मतदारयादी उघडावी. तरुण मुला-मुलींनी रांगा वाटून घ्याव्यात. कोणाचे नाव गळले, कोण १७ वर्षांचा झाला, कोणती सून नव्याने आली, कोणी खोली बदलली, हे लिहून घ्यावे आणि अर्ज भरून द्यावेत. निवडणूक लागली की मग ज्याला ज्या पक्षाचे काम करायचे असेल त्याने ते खुशाल करावे. एकाच रांगेतली दोन मुले दोन पक्षांचे काम करतील आणि संध्याकाळी एकाच यादीवर बसतील, असे झाले तर आमचे या वसाहतीतले फिरणे वाया गेले नाही, असे आम्ही समजू.

आणि तरुणांना शेवटचे सांगणे. यादी घेऊन निघाल तेव्हा पहिले दार आपल्या मित्राचे घेऊ नका. ज्या घराशी आपले बोलणे नाही, त्या दारापासून सुरुवात करा. आजी आज हयात नाही. तिने विचारले ते आम्ही तुमच्या हाती देतो. आमच्या दाराला काय झालं होतं, असे विचारायची वेळ या वसाहतीत पुन्हा कोणावर येऊ देऊ नका.



नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!